टेबल सॉ गुण्यात आणला तरी ड्रॉवर डुलतोय, नेमकं कुठे चुकतंय?

करवतकाठी (नागपूर)

नमस्कार मंडळी. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

दोन वर्षांपूर्वी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पार्किंगचा अर्धा कोपरा बळकावला. दहा इंची पात्याचा टेबल सॉ आहे, म्हणजे टेबलातून पातं वर येणारी करवत. टेबल ॲल्युमिनियमचं, पाय घडीचे. नवऱ्याची स्कूटर आता बाहेर उन्हात उभी असते, त्यावर बोलायला नको.

सध्या आईसाठी शिवणकामाचं कपाट करतेय. सहा ड्रॉवर. बाजू बारा मिमी प्लायच्या, दर्शनी फळ्या सागवानाच्या. सागवान लकडगंजातून आणलं, चंद्रपूरकडचं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहहून लाकूड गेलं, त्याचंच हे चुलतभावंड, असं दुकानदाराने सांगून भाव दोनशेने चढवला. त्यामुळे त्याला पातं लावायची अजून हिंमत झालेली नाही. आधी नुसत्या प्लायचे दोन ड्रॉवर करून पाहिले.

दोन्ही डुलतात. सपाट ओट्यावर ठेवले की एक कोपरा दीड मिमी अधांतरी. बोटाने दाबलं की टक, सोडलं की टक. पाळणा झालाय नुसता.

बरं, मी काही तसंच कापायला घेतलं नव्हतं. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) पात्याला लावून पातं ताठ केलं. त्याच गुण्याने मायटर गेज (आडवा काप घेताना फळी ज्याला टेकवून ढकलतात तो सरकता टेकू) नव्वदला बसवला. शेजारी बांधकामवाले राहतात, ते म्हणाले कर्ण मोजा. मोजले. ६०२ आणि ६०३. म्हणजे एका मिलिमीटरचा फरक, तोही माझ्या टेपच्या मानाने काहीच नाही. मग डुलतो काहून?

आई खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत तिने. म्हणाली, "आधी टेप तपास. कापडी टेप ताणला की गिऱ्हाईक ओरडतं, टेप नाही ओरडत." माझा टेप स्टीलचा आहे, तरी स्टीलच्या फुटपट्टीवर ठेवून पाहिला. टेप ठीक आहे.

मशीनच बेकार आहे की मी?

गोठलेलारंधा (टोरांटो)

पोर्टेबल सॉवर ड्रॉवर करू नयेत. ॲल्युमिनियमचं टेबल, हलकी गाईड पट्टी (लांब काप घेताना फळी जिला टेकवून सरकवतात ती), यातून अचूक काम निघत नाही. मी तीन वर्षं झगडलो, शेवटी ओतीव लोखंडी टेबलचा कॅबिनेट सॉ घेतला आणि प्रश्न मिटला. वापरलेला मिळतो का बघा.

करवतकाठी

दादा, ते २०० किलोचं धूड आमच्या पार्किंगमध्ये आणलं तर सोसायटीची सभा भरेल. शिवाय प्रश्न माझ्या हाताचा असेल तर तो नव्या मशीनवरही सोबतच येईल नं.

पटाशी_कुडाळ

ताई, ज्या गुण्याने सगळं लावलंत तो गुण्या तपासलात काय? टेप तपासलात, तो राहिला.

सोपं आहे. फळीची एक कड रंध्याने एकदम सरळ करा. गुण्याचा दांडा त्या कडेला टेकवून सुरीने रेघ मारा. पेन्सिल नको, पेन्सिलीच्या जाडीत चूक लपते. आता गुण्या पालथा करून त्याच जागी, त्याच कडेवरून दुसरी रेघ मारा. दोन रेघा एकच दिसल्या तर गुण्या खरा. वर फाकल्या तर जेवढी फट, त्याच्या निम्मी गुण्याची चूक. माझे वडील नवा गुण्या दुकानातच असा तपासायचे, दुकानदाराच्या फळीवर. दुकानदार वैतागायचा. चार बघून एक घ्यायचे.

आणि एक. गुण्या खाली पडला की तो गुण्या राहत नाही. पडलाय काय कधी?

करवतकाठी

पडलाय. दोनदा. एकदा फरशीवर.

आत्ता जाऊन रेघा मारल्या. दोनशे मिमीवर दोन रेघांत साधारण पाऊण मिमी फट दिसते. म्हणजे गुण्या जवळजवळ पाव सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खोटं बोलतोय आणि मी त्याच्या साक्षीवर अख्खा खटला चालवला.

पटाशी_कुडाळ

फटीचं निम्मं धरा, पाऊण नाही. दोनशेवर पावणेचार दशांश म्हणा. पण आहे ते आहेच. लोखंडी असेल तर आतल्या किंवा बाहेरच्या कोपऱ्यात पंचने ठोकून सुधारतात, पण तो उद्योग तुम्ही करू नका. दुसरा घ्या.

निवृत्त_टूलरूम (भोसरी)

ताई, थांबा. नवा गुण्या आणून पुन्हा मायटर गेजला लावू नका. त्याने पुन्हा तेच चक्र सुरू होईल. मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, जिग-फिक्स्चरवर. तिथे पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात ठोकतात: मोजायच्या आधी ठरवा, कशापासून मोजताय. आम्ही त्याला डेटम म्हणायचो.

तुमच्या मशीनचा डेटम पातं नाही. गाईड पट्टीही नाही. टेबलात जी मायटरची खाच आहे, ती डेटम. ती टेबलातच कोरलेली आहे, तिला स्क्रू नाही, तिला हलवता येत नाही. जे हलवता येत नाही त्यापासून जे हलवता येतं ते लावायचं. पातं खाचेला समांतर, गाईड पट्टी खाचेला समांतर, आडव्या कापाची पट्टी खाचेला काटकोनात. तुम्ही गुण्या पात्याला टेकवून मायटर गेज लावलात. पात्याला दात असतात, दात पात्याच्या अंगाबाहेर आलेले असतात, गुण्या एखाद्या दातावर चढला की संपलं.

पण त्याआधी एक प्रश्न. ड्रॉवरच्या कोपऱ्यात फट कुठे दिसते? वरून पाहिल्यावर आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला, की उभ्या सांध्यात वर किंवा खाली?

करवतकाठी

उभ्या सांध्यात. वर साधारण अर्धा मिमी, खाली घट्ट. चारपैकी तीन कोपऱ्यांत. चौथ्यात उलटं, वर घट्ट आणि खाली फट. वरून पाहिलं तर कोपरे छान दिसतात.

निवृत्त_टूलरूम

मग पातं बऱ्यापैकी ताठ आहे. दोष मायटरचा.

कारण असं. ड्रॉवरची बाजू १२० मिमी उंच आणि १२ मिमी जाड. टेबलावर ती आडवी ठेवून कापता. पातं कललेलं असेल तर चूक १२ मिमी जाडीत जाते आणि ड्रॉवर वरून तिरका दिसतो. तेव्हा कर्ण वेगळे येतात. मायटर चुकला असेल तर चूक १२० मिमी उंचीत जाते. ती कर्णात दिसत नाही. कर्ण फक्त वरून दिसणारा काटकोन सांगतात, उंचीबद्दल ते मुके. म्हणून तुमचे कर्ण ६०२ आणि ६०३ येऊनही ड्रॉवर डुलतो.

आणि चौथा कोपरा उलटा का? एक फळी कापताना तुम्ही तिचं दुसरं टोक कापायला तिला उलटवलं असेल, म्हणजे तीच कड मायटरच्या पट्टीला ठेवून तोंड खाली केलं असेल. दुसरी कधीतरी नुसती फिरवली असेल, म्हणजे समोरची कड पट्टीला आली. उलटवली की फळी समलंब होते, वर आखूड खाली लांब. फिरवली की तिरका चौकोन. दोन्ही प्रकार एकाच ड्रॉवरमध्ये लावले की तो पिळतो.

करवतकाठी

काका, अगदी. पहिल्या तीन उलटवल्या. चौथीवर लिहिलेलं पेन्सिलीचं "मागची" वर राहावं म्हणून फिरवली.

निवृत्त_टूलरूम

तर आता काम. प्लग काढा. बटण बंद पुरेसं नाही, प्लग हातात घेऊन बाजूला ठेवा.

पहिलं, पातं आणि खाच. डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक) लागेल, ०.०१ मिमीचा. तुमचं टेबल ॲल्युमिनियमचं, म्हणून चुंबकाचा स्टँड चिकटणार नाही. पैसे वाया घालवू नका. लाकडाची पट्टी मायटर गेजला स्क्रूने धरा, पट्टीच्या टोकाला डायल बसवा. पात्याच्या एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून डायल शून्य करा, मग तोच दात हाताने फिरवून मागे न्या आणि गेज मागे सरकवून वाचा. तोच दात घ्यायचा, कारण पात्याला थोडी डगमग असतेच आणि दुसरा दात घेतला की तुम्ही डगमग मोजता, समांतरपणा नाही. ०.०५ च्या आत आलं तर उत्तम, ०.१ पर्यंत घरच्या कामाला चालेल. जास्त असेल तर टेबलाखाली चार बोल्ट असतील, तीन सैल करा, एक नुसता नावापुरता, आणि लाकडी ठोकळ्याने हळू टकटक.

गाईड पट्टी नंतर. ती समांतर किंवा मागे ०.१ उघडी चालेल. मागे आवळलेली मात्र कधीच नको. फळी पात्यात आणि पट्टीत अडकली की उलटी उडते, थेट तुमच्या अंगावर. रायविंग नाइफ (पात्यामागे उभं असणारं, काप मिटू न देणारं पान) काढून ठेवला असेल तर आज परत लावा.

आता मुख्य. मायटर गेज बाजूला ठेवा आणि आडव्या कापांसाठी एक स्लेड, म्हणजे खाचेत सरकणारा पाट, करा. अठरा मिमी प्लायचा पाट, खाली खाचेत बसणाऱ्या दोन पट्ट्या, तुमच्या बाजूला एक सरळ जाड पट्टी उभी. त्या पट्टीचं उजवं टोक एका स्क्रूवर ठेवा म्हणजे ती बिजागरीसारखी फिरेल, डावं टोक दुसऱ्या स्क्रूने तात्पुरतं पक्कं करा. जिथे पातं पट्टी चिरून तुमच्याकडे बाहेर येतं तिथे मागून एक जाड ठोकळा चिकटवा. अंगठा तिथेच असतो.

मग पाच काप. साधारण ४०० मिमीचा चौरस प्लाय घ्या, पात्याच्या डावीकडे ठेवा. एक कड कापा. आत्ता कापलेली कड पट्टीला टेकेल असा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, दुसरी कापा. अशा चारही. मग पहिली कड पुन्हा, पण या वेळी पंचवीसेक मिमीची पट्टी निघेल एवढं घ्या. ती पट्टी म्हणजे तुमची साक्षीदार. तिची तुमच्याकडच्या टोकाची रुंदी आणि पलीकडच्या टोकाची रुंदी व्हर्निअरने (बारीक मापाच्या कॅलिपरने) मोजा. फरकाला चारने भागा, कारण प्रत्येक वळणावर तीच चूक साचत गेलेली असते. गुण्या नको, कोणावर विश्वास नको. मशीन स्वतःच स्वतःची चूक चौपट करून दाखवतं.

पटाशी_कुडाळ

काकांचं सगळं बरोबर, फक्त खाचेतल्या पट्ट्यांबद्दल बोलतो. आमच्याकडे कोकणात सागवानाची पट्टी केली तर मे महिन्यात खुळखुळते आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अडकते. रुंदीत लाकूड हलतं, लांबीत जवळपास नाही. पट्टी अशी काढा की वर्षवलयं उभी येतील, मग रुंदीतली हालचाल कमी होते. वर मेण.

निवृत्त_टूलरूम

ॲल्युमिनियमची फ्लॅट पट्टी घ्या, लाकूड नकोच.

पटाशी_कुडाळ

ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासून काळं होतं काका. तुमचं टूलरूम वातानुकूलित होतं.

निवृत्त_टूलरूम

होतं. मान्य. ताईंनी लाकडाचीच करावी, पण कडेने खुळखुळ नको. खुळखुळ असेल तर पाचवा काप दर वेळी वेगळं बोलेल आणि मग मला शिव्या द्याल.

करवतकाठी

शनिवार-रविवार घालवला. हिशेब देते.

पातं खाचेला ०.२२ ने तिरकं होतं, मागचा भाग गाईड पट्टीकडे झुकलेला. चार बोल्ट, त्यातला एक आधीपासूनच सैल. बहुतेक पार्किंगमध्ये ओढत नेते म्हणून. तासभर टकटक करून ०.०४ वर आणलं. एवढ्यानेच कापाच्या कडेवरचे काळे डाग गेले. मी इतके दिवस ते प्लायचा दोष समजत होते आणि प्लायवाल्याशी भांडूनही आले. त्याला जाऊन काय सांगू आता?

पाट केला. पट्ट्या सागवानाच्या, उभ्या वलयांच्या.

पहिला पाचवा काप: माझ्याकडच्या टोकाला २४.१०, पलीकडे २७.३०. फरक ३.२०, चारने भागून ०.८०. म्हणजे ४०० मिमीला ०.८. ड्रॉवरच्या १२० मिमी उंचीला ०.२४ आणि फळी दोन्ही टोकांनी उलटवून कापली की वर ०.४८ ने आखूड. फट अर्धा मिमी होती! मायटर गेज काढला, पाट नवा, तरीही चूक जवळपास तेवढीच. मग लक्षात आलं, पाटाची पट्टीसुद्धा मी त्याच पडलेल्या गुण्याने लावली होती. सवय, दुसरं काय.

काका, आता अडले. बिजागरीच्या स्क्रूपासून डाव्या स्क्रूपर्यंत ५०० मिमी आहे. टोक पुढे ढकलू की माझ्याकडे ओढू? आणि किती?

निवृत्त_टूलरूम

किती ते त्रैराशिक. ४०० ला ०.८, तर ५०० ला १.०. दिशेत सगळे गोंधळतात, मीही गोंधळायचो. पलीकडचं टोक जाड निघालं म्हणजे पट्टी आणि पातं यांच्यामधला, फळीच्या बाजूचा कोन नव्वदपेक्षा कमी आहे. डावं टोक फार पुढे गेलंय. तुमच्याकडे ओढा. जवळचं टोक जाड असतं तर पुढे ढकलायचं होतं.

ओढताना अंदाजाने ओढू नका. पट्टीच्या मागे, तुमच्या बाजूला, डाव्या टोकाजवळ एक ठोकळा क्लॅम्पने पक्का करा, मध्ये फिलर गेजचं (ठराविक जाडीच्या पोलादी पानांचा जुडगा) १.०० चं पान ठेवून. मग पान काढा, डावा स्क्रू काढा, पट्टी ठोकळ्याला टेकवा. स्क्रू जुन्या भोकात घालू नका, तो पट्टीला परत जुन्या जागी ओढतो. बोटभर बाजूला नवं भोक.

करवतकाठी

नवं भोक. दुसरा पाचवा काप: २४.८५ आणि २४.९५. फरक ०.१०, भागिले चार, ०.०२५. चारशे मिमीला. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ असते, त्याचा पाव भाग. इतवारीतून डायल घेताना दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, लाकडाला एवढं कशाला?" त्याला ही पट्टी दाखवून येणार आहे.

मग नव्या प्लायचा तिसरा ड्रॉवर केला. सगळ्या फळ्या उलटवूनच, एकही फिरवली नाही. सांधे बंद. पण ओट्यावर ठेवला तर अजून अगदी बारीक टक येतेय. पोस्टकार्ड आत जाईल एवढी. कर्णात दोन मिमीचा फरक, जो आधी नव्हता!

पटाशी_कुडाळ

समोरासमोरच्या बाजू एकमेकींना लावून बघितल्या काय? टेपने नको. दोन्ही फळ्या एकावर एक, एक टोक बोटाने जुळवा, दुसऱ्या टोकावरून नख फिरवा.

करवतकाठी

नख अडकलं. डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण मिमी लांब. असं कसं? स्टॉप ब्लॉक (फळीचं टोक जिथे अडवायचं तो ठोकळा, म्हणजे लांबी सारखी येते) लावून कापल्या होत्या, एकामागोमाग एक.

पटाशी_कुडाळ

भुसा. स्टॉपच्या पायाशी भुसा साचतो, फळी त्याला टेकते आणि तुम्हाला वाटतं स्टॉपला टेकली. स्टॉपची खालची कड तिरकी तासून टाका, दोन-तीन मिमी, म्हणजे भुशाला तिथे जागा राहते. पट्टीच्या खालच्या कडेलाही तसंच करा. आणि दर कापाआधी फुंकर. आम्ही कानावर पेन्सिल आणि खिशात रंगाचा जुना ब्रश ठेवतो.

काका कितीही मायक्रॉन सांगोत, भुश्याचा एक कण त्यांच्याहून मोठा असतो.

निवृत्त_टूलरूम

हे मात्र खरं. आमच्याकडे भुसा नव्हता, चिप होती. तीच भानगड.

गोठलेलारंधा (टोरांटो)

वाचतोय मी हे सगळं. माझ्या कॅबिनेट सॉवर आज पाच काप करून पाहिले. ४०० मिमीला ०.३५. तीन वर्षं मी याला अचूक समजत होतो. ठोकळा आणि फिलर गेज शोधतोय.

करवतकाठी

दादा, वापरलेला माझा गुण्या पाठवू का?

स्टॉपची कड तासली, ब्रश आणला (मुलीचा जुना वॉटरकलरचा). चौथा ड्रॉवर ओट्यावर गप्प बसलाय. आईने चारही कोपरे बोटाने दाबून पाहिले, मग आत रिळं ठेवली. माझ्याशी काही बोलली नाही, पण रिळं ठेवली.

आता काका, तुम्ही विचारण्याआधीच सांगते: पाचव्या कापाची ती पट्टी फेकली नाही. तिच्यावर २४.८५ / २४.९५ आणि तारीख लिहून मशीनच्या पायाला खिळ्यावर टांगली आहे. आत्ता इथे पंचेचाळीस अंश आहे, लाकूड वाळून खडखडीत. पाटाच्या पट्ट्या जुलैत फुगल्या की पुन्हा पाच काप घेऊन आकडे इथे टाकीन.

सागवानाची पहिली दर्शनी फळी उद्या सकाळी सात वाजता, वीज जायच्या आत. डुलणाऱ्या दोन ड्रॉवरमध्ये स्क्रू आणि वॉशर भरलेत, त्यांना डुललं तरी चालतं.